मे महिन्यातले मोजे

डिचोली, सोमवार

तीर्थरूप सगुणमामांच्या चरणी रुद्रेशचा लांबूनच नमस्कार. (लांबूनच, कारण जवळ आलो तर मोरजीच्या किनाऱ्यावरच्या शॅकमधली नोकरी का सोडली ते विचाराल.) 'मी खुशाल आहे' असं लिहायची पद्धत आहे, पण मी घाबरलेला आहे. फोनवर बोलायला धीर होत नाही म्हणून हे पत्र तुमच्या हळर्णच्या बसच्या कंडक्टरकडे देतोय. कमलाक्षीमामी बरी? म्हैस व्याली? आणि तुम्ही? गेल्या रविवारी आलो तेव्हा एवढ्या उकाड्यात मोजे घालून सोप्यावर बसला होता. मी म्हटलं, फौजी माणूस, शिस्त असेल.

तर नवी नोकरी. घर नसलेल्या माजी सैनिकांची तब्येत बघणारी इथे एक संस्था आहे, तिचा मी 'आरोग्यसोबती'. रक्तदाब मोजायचा, गोळ्या घेतल्या का विचारायचं, गोड बोलून दवाखान्यात न्यायचं. खरं तर हे काम माजी सैनिकानेच करायचं, पण कोणी मिळाला नाही म्हणून नववी नापास मी. पहिलेच वाट्याला आले हवालदार दादू, बेळगावकडचे. पलटणीतून सुटून शिरगावच्या खाणीवर वॉचमन झाले. खाण बंद पडली, खोली गेली. आता तिथेच गंजत पडलेल्या टिपर ट्रकच्या केबिनमध्ये राहतात.

पहिल्या दिवशी वाटेत करवंदं दिसली, त्यात तासभर गेला (ती गोड निघाली नाहीत), आणि पोचलो तो दिवेलागणीला. एका बाजूला खाणीचा खड्डा, तांबडं पाणी, किती खोल ते कोणी सांगत नाही. तेवढ्यात टिपरमधून गर्जना: "थम! कौन आता है?" माझी एक चप्पल खड्ड्याकडे गेली आणि मी दुसरीकडे. हात वर करून नाव, गाव, नापास झालेले विषय, सगळं ओकलो.

"एवढं कोण इचारलंय रे? 'दोस्त' म्हणायचं नि गप उभं ऱ्हायचं. फौजेत एवढंच उत्तर असतंय." मग यंत्र हिसकावून त्यांनी माझाच रक्तदाब मोजला आणि मलाच साखरपाणी पाजलं.

खरी भीती त्यानंतर. त्यांनी बूट काढला. डाव्या पायाचा अंगठा वाळवलेल्या कोकमाच्या सोलासारखा काळा, आणि म्हणतात, दुखत नाही. न दुखणं हेच वाईट, असं आमची शालिनी सिस्टर म्हणाली. साखरेचा आजार आहे, या आठवड्यात आणलं नाही तर पाय जाईल. चार दिवस विनवतोय. काल शेवटी बोलले, "दवाखान्यात खिडकीवर पत्ता इचारत्यात. काय सांगू? टिपरचा नंबर?" मामा, रोज सकाळी तिथे जाताना कान टवकारून चालतो. 'थम' ऐकू आलं तर भीती वाटते, नाही आलं तर त्याहून जास्त.

म्हणून तुम्ही या. फौजी फौजीचं ऐकतो. गुरुवारी सकाळी आठला डिचोलीच्या बसस्टँडवर मी उभा असेन.

तुमचा (अजून नोकरीत असलेला) भाचा,
रुद्रेश

ता. क. परवा मामीचा फोन आला होता, तेव्हा तुमच्या मोज्यांच्या शिस्तीचं कौतुक केलं. "शिस्त खंयची रे बाबा! निजतानापण मोजे काढनत नाय," म्हणाली. उजव्या मोज्याला रोज डाग असतो म्हणे. त्यानंतर मी पाव आणायला पोदेराकडे गेलो आणि न घेताच परत आलो.

आणखी एक. हे मी हवालदारांना सांगितलं. (रागवा.) "कुठला पाय?" "उजवा." "माझा डावा. बरं झालं, दोघांत बुटांचा एकच जोड पुरंल." हसले, बूट पायात चढवला आणि म्हणाले, "असल्या माणसाला एकटं सोडत नसत्यात. आण त्याला, मी नेतो दवाखान्यात." म्हणजे ते येताहेत ते तुमच्यासाठी. तुम्ही त्यांच्यासाठी या. खिडकीवर पत्ता विचारला तर दोघांचाही हळर्णचाच सांगा. मामीला विचारून ठेवलंय.

शेवटचं. टिपरपाशी 'थम' ऐकू येईल. उत्तर तुम्हाला ठाऊक आहे. ते द्या आणि मोजे काढा.