पाँडिचेरीच्या करारातलं खोडलेलं कलम

बाई, संपाच्या वर्षी तुम्ही आमच्या नववीच्या वर्गाकडून स्नेहसंमेलनासाठी पाँडिचेरीचा करार बसवून घेतला होता. फ्रेंचांनी आपली वसाहत भारताला रीतसर देऊन टाकली, तो करार. परळच्या त्या शाळेत निम्म्या वर्गाचे वडील गिरणी बंद म्हणून घरी बसलेले, आणि तुम्ही दोन्ही झेंड्यांची उंची सारखी आहे ना, ते पट्टीने मोजताय. कोण कुणाच्या उजवीकडे बसणार ते आधी ठरायला हवं, मसुद्याच्या प्रती दोन हव्यात, दोन भाषांत. फ्रेंच कुणालाच येत नव्हतं, म्हणून त्या प्रतीत इंग्रजी लिहिलं. मराठी प्रत माझ्याकडे, कारण माझं अक्षर चांगलं. सही हे दोन मिनिटांचं काम, खरी मेहनत त्याआधीची, असं तुम्ही सारखं बजावायचात.

पाँडिचेरीतही कापडगिरण्या होत्या, हे तुम्हीच शिकवलेलं. म्हणून मी आपल्या मनाचं एक कलम घातलं, की गिरण्या चालू राहतील आणि एकाही कामगाराला काढणार नाहीत. तुम्ही ते लाल शाईने खोडलंत. असायला तर हवं होतं ना, असं मी पुटपुटले, तेव्हा सगळ्या वर्गासमोर तुम्ही म्हणालात, "असायला हवं ते निबंधात लिही. करारात जे आहे तेच वाचायचं." मी मान खाली घालून नवी प्रत काढली.

संमेलनाला बाबा आले होते. इस्त्रीचा शर्ट घालून, दुसऱ्या रांगेत. मी एकेक कलम वाचतेय, सरकारी नोकरांना भारत कामावर घेईल हेही, आणि ते ओठ हलवत ऐकतायत. परतताना डिलाईल रोडवर त्यांनी विचारलं, "सरकारी नोकरांचा वाचलंस. गिरणीवाल्यांचा काय?" मी सांगितलं, त्यात नाहीये.

दहावीच्या आधीच आम्ही खोली सोडून गावी गेलो. तिथे तुमचं पत्र आलं. गिरगावात माझ्याकडे राहा, दहावी पुरी कर, मी एकटीच असते. बाबांनी ते दोनदा वाचलं आणि माळ्यावरची बॅग काढून पुसायला घेतली. म्हणाले, "जा गो. बाई बरी आसा." चार दिवसांनी मी तुम्हाला कार्ड टाकलं, की बाबा पाठवत नाहीत. तुमचं पुन्हा पत्र आलं नाही.

लग्नानंतर मी लालबागला आले. पुष्कळ वर्षांनी दादरला वर्गातली एक मैत्रीण भेटली, तिच्याकडून तुम्ही गेल्याचं कळलं. तुम्ही पुढच्या प्रत्येक वर्गाला माझी गोष्ट सांगायचात म्हणे, एका बापाने हुशार मुलगी घरी बसवली म्हणून. मी तिथे फुटपाथवर उभी होते आणि तिला काही सांगू शकले नाही. बाबा तोवर हयात होते. त्यांनाही सांगितलं नाही. आता तेही नाहीत.

बाई, बाबांनी अडवलं नव्हतं. ते कलम खोडताना तुम्ही चारचौघांत बोललात त्याचा राग माझ्या मनात होता. तो तर महिन्याभरातच गेला. पण तोवर कार्ड टाकून झालं होतं, आणि दुसरं कार्ड लिहायची मला लाज वाटली.