लेकीच्या घरचं पाणी

माय, आज शेजारणीची आई हिंगणीहून आली. पिशवी खाली ठेवली आणि लेकीच्या माठातलं पाणी उभ्यानंच प्याली. लेक आत भाकरी थापत होती, तिला पत्ताही नाही. मी माझ्या दारातून पाहत राहिले आणि मला त्या म्हातारीचा राग आला.

तुला लकवा झाला तेव्हा तू हिंगणघाटला दादाकडे होतीस. पावसाळा सरेपर्यंत वहिनीनं केलं, मग दादा मला म्हणाला, "बाई, आता मायचं तूच पाय काई. इथं नाई जमून राह्यलं." मी तर आधीपासून म्हणतच होते, वर्ध्याला माझ्याकडे चल. पण लेकीला लेकरू होईस्तोवर तिच्या घरचं पाणीही प्यायचं नाही, हे तू माझ्या लग्नापासून पाळत आलेली. माझ्याकडे यायचीस ती स्वतःचा फिरकीचा तांब्या घेऊन, आणि तो रिकामा झाला की तहानलेलीच परत निघायचीस. मग मी तुझ्यासाठी जागा शोधत फिरले. एका देवळामागच्या आश्रमात खाटेला खाट लागलेली. रात्री उठायला कोण मदत करतं, असं विचारलं, तर तिथले व्यवस्थापक म्हणाले, "काई तकलीफ नाई, रोज भजन असते." पुन्हा विचारलं, तर पुन्हा भजनच. दुसरी जागा सावंगीच्या पुढे, तुरीच्या वावराला लागून. तिथली काम करणारी बाई एका म्हातारीचे कान पदरानं पुसत होती. माझ्याकडे न पाहताच म्हणाली, "लेक हाय ना तुमी? मंग घरी काऊन नाई नेत?" ती जागा मी त्या प्रश्नामुळेच निवडली. गावात अजून म्हणतात, लेकीनं आईला आश्रमात टाकलं. दादाचं नाव कुणी घेत नाही.

एका रविवारी मी येते, तर ती बाई तुला मऊ खिचडी भरवते आहे आणि तू लहान पोरीसारखी तोंड उघडते आहेस. मी आणलेला डबा तसाच बाजूला. माझा तोल जातो. "त्या बाईले बी लेकरू नाई, माय. तिच्या हातचं चालते, माह्या नाई?"

"ती माही लेक नाई," तू वाकड्या तोंडानं म्हणतेस. बाई उठून बाहेर जाते. मग तू चांगल्या हातानं माझं मनगट धरतेस. "तुया घरचं पानी पेली म्हंजे मी आस सोडली, असं होते पोरी. मी नाई सोडून राह्यली."

तू तिथंच गेलीस. आता पाठवायला पत्ता नाही, म्हणून लिहिते. अपेंडिक्सचं ऑपरेशन म्हणून तुला सांगितलं होतं ना, तेव्हा माझी गर्भपिशवी काढली होती. त्या रविवारी हे सांगितलं असतं, तर कदाचित तू रडली असतीस आणि दुसऱ्या दिवशी माझ्यासोबत रिक्षात बसली असतीस. पण यांनी तो विषय केव्हाच सोडला होता, सासूबाईंनी तर टोमणे मारणंही सोडलं होतं. माझ्या लेकराची वाट पाहणारं जगात तू एकटीच उरली होतीस, माय. तेवढं मला हवं होतं.