आचाऱ्याचं पान

अण्णा, सकाळपासून घरात नुसत्या येरझारा घालतोय. उद्या रक्त तपासायचं आहे आणि त्यावर माझ्या उजव्या डोळ्याचं ठरणार आहे. मोतीबिंदू पिकलाय, पण साखर खाली आल्याशिवाय डोळ्याला हात लावायचा नाही, असं म्हणतात. एकदा तारीख मिळून पुढे गेली. मागच्या महिन्यात फोडणीतली मोहरी जळली ती मला वासावरून कळली, डोळ्यांनी नाही. आचाऱ्याचा डोळा गेला की त्याला कोण बोलावतं, हे तुम्हाला मी काय सांगू. म्हणून बसलोय लिहायला. मधेच उठून गॅस बंद आहे ना बघून येतो, परत बसतो.

येलहंकाच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई आहेत. त्यांनी विचारलं, "दिवसभरात काय काय खाता?" मी खरं तेच सांगितलं. "काही नाही अम्मा. काम आटोपलं की तिथेच संध्याकाळी एकदा जेवतो." त्यांनी माझ्या पोटाकडे बघितलं. शेजारी तुमची सून बसली होती, तिला राहवलं नाही. "जेवत नाहीत हो ते, चाखतात." आणि मग सगळं बाहेर काढलं. पुरण आटलं का बघायला एक गोळा, पाकाची तार बघायला बोट, शिरा गोड झाला का म्हणून चमचा, मग दुसरा चमचा. अण्णा, मला वाटायचं मी उपाशी आहे, आणि उभ्याउभ्या अख्खी पंगत पोटात घालत होतो. वर साखरेवरची गोळी घ्यायची आणि जेवायचं नाही, मग हात थरथरले, घाम फुटला की गुळाचा खडा तोंडात. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. "वेळेवर, बसून, तीनदा जेवायचं. उपाशी राहून तुमचं वजन उतरणार नाही. सरी?" मी बरं म्हणालो, त्यांच्याच कानडीत, सरी. पण म्हणताना डोळ्यांपुढे तुम्हीच उभे राहिलात, खांद्यावर पंचा टाकून.

कारण शेवटची पंगत उठल्याशिवाय आचारी बसत नाही, हे तुम्ही मला तोंडाने कधी सांगितलं नाहीत, पाळून दाखवलंत. आणि चाखायचं तर नावच नको. के. आर. पुरमला एका घरी सत्यनारायण होता, आठवतं? मी लग्न झालेला बाप्या, तरी नैवेद्याच्या आधी कटाची आमटी तळहातावर घेऊन जिभेला लावली. तुम्ही माझ्या हातातून पळी काढून घेतलीत. "देवाच्या आधी तुला भूक लागली होय रे?" एवढंच बोललात. पातेलं मागच्या अंगणात ओतलंत आणि पुन्हा डाळ शिजत घातलीत. यजमानीणबाई दारात उभी, मी घामाघूम. अजून दिसतं, तुम्ही मूठभर मीठ घेता, उकळीकडे बघता, थोडं डब्यात परत टाकता, उरलेलं आमटीत सोडता. चमचा तोंडापर्यंत जात नाही. त्या दिवसाचा मला फार राग होता. आता या वयात तेच शिकायला बसलोय, न चाखता रांधायला. तुमच्यासारखं जमत नाही. हात मिठावर गेला की जीभ आपली आधीच पुढे.

परवा इलेक्ट्रॉनिक सिटीत एका सोसायटीच्या हॉलात बारसं होतं. पुण्याकडची मंडळी. तुमची सून बरोबर आली, पदर खोचून म्हणाली, "आजपासून जीभ माझी." मसालेभात चाखून म्हणते, "स्वल्प मीठ हवं." मी म्हटलं, "नको, मुरलं की बरोबर होईल." तिने घातलंच. वाद घालत होतो तेवढ्यात एक वाजला, आणि तिने शेगडीमागे चटई टाकून माझं पान मांडलं. भाकरी, मेथी, घट्ट वरण, ताक. बसलो आणि पहिला घास घेतला तोच बाळाची आजी पुऱ्यांची चौकशी करायला आत आली. "अगंबाई, आचारीबुवा आधीच बसले? आमचे पाहुणे अजून पानावर यायचेत." वाढणाऱ्या बायका वळून बघायला लागल्या. मी अर्धा उठलो होतो अण्णा, गुडघा टेकवून. बायको तिकडून म्हणाली, "बसा तुम्ही. पुऱ्या मी काढते. साखर आहे त्यांना, वेळ चुकवून चालत नाही." आजी म्हणाल्या, "आमच्या ह्यांनाही आहे. पण ऐकतील तर शपथ." आणि ताकाचा तांब्या माझ्याकडे सरकवून गेल्या.

भाकरी मोडत होतो खरी, पण कान सगळे कढईकडे. चोरून खात असल्यासारखं वाटत होतं. तिकडे पुऱ्या फुगत होत्या, पंगत बसली, वाढलं गेलं, कुणाचं काही अडलं नाही. भात छान झालाय असंही कुणी म्हणालं. माझ्यावाचून पंगत पार पडली याचं बरं वाटून घ्यावं की वाईट, ते मला अजून ठरवता येत नाही.

तुम्हालाही ही साखरच होती, आता उमगतं. शेवटी शेवटी सदरा अंगात लोंबायचा, पाण्याचा तांब्या उशाशी, आम्ही म्हणायचो ऊन बाधलं असेल. दुपार कलल्यावर तुम्ही आमच्याकडे पाठ करून उभ्याने दहीभात संपवायचात. तुम्हाला बसा म्हणायची कुणाची छाती नव्हती. मला बसा म्हणणारी घरात आहे, तरी बसवत नाही. वेळेवर बसायला लागल्यापासून बायकोला कळलं की मला शेपू आवडत नाही. "इतकी वर्षं मुकाट गिळत होतात?" म्हणाली. गिळत कुठे होतो, तिच्यासमोर जेवायला बसलोच कधी.

हे पत्र काही कुणाच्या हाती द्यायचं नाही, घडी करून ठेवून देईन. पण एक सांगून टाकतो. तुमच्या श्राद्धाला भटजी दर वर्षी विचारतात, त्यांच्या आवडीचं काय करायचं? मी छातीठोकपणे खीर सांगतो आणि खीर करतो. एकदा लोकांची जेवणं झाल्यावर खिरीचं पातेलं निपटून बोट तोंडात घालताना तुम्हाला पाहिलं होतं, तेवढ्यावरून. तुम्हाला काय आवडायचं ते मला माहीत नाही, अण्णा. तुम्हाला पानावर बसलेलं मी कधी बघितलंच नाही.