तात्यांचं नाव बंद केलं

मंगळवार संध्याकाळ, श्रीगोंदा

आमचे हेडक्लार्क तात्या दिवाळीत वारले, तरी साखर कारखान्याच्या आमच्या गट ऑफिसात सगळे त्यांच्याच नावाने कॉम्प्युटर उघडायचे. उसाच्या नोंदी बदलायची परवानगी तेवढ्याच नावाला होती. आज मी प्रत्येकाला वेगळं नाव, वेगळा पासवर्ड दिला आणि तात्यांचं नाव बंद केलं.

झाडलोट करणाऱ्या सुनीताबाई म्हणाल्या, "म्याडम, त्यांना इचारलं का वो?" मी हसले.

सगळे गेल्यावर माझ्या नावाने उसाच्या नोंदींची फाईल उघडून पाहिली. 'परवानगी नाही. तात्यांना विचारा.' ही सूचना त्यांनीच कधीतरी लिहून ठेवलेली, दुसरं काय! पण सगळे अधिकार मी स्वतःला दिलेत ना? पुन्हा तेच. 'तात्यांना विचारा.'

शेवटी त्यांच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून पुटपुटले, "तात्या, उघडू का?"

फाईल उघडली. खाली 'शेवटचा बदल: आत्ताच' असं दिसलं; तो कोणी केला, ते नाव वाचायला मी थांबले नाही.