मिला काय विचारते

२ जून, सोम.
जर्मनचा क्लास लावला, वाशीला. दहावीला इंग्रजीत दोनदा आपटलेला माणूस साठीत जर्मन शिकतोय! वर्गात सगळ्या नर्सिंगच्या पोरी, तिकडे नोकरीला जाणाऱ्या. मॅडम म्हणाल्या, "काका, तुम्हाला कशाला?" म्हटलं, नात आहे तिकडे. मिला, साडेतीन वर्षांची. बाप तिकडचा, पाळणाघर तिकडचं, मराठी ओ की ठो कळत नाही. रविवारच्या व्हिडिओ कॉलला आम्ही नुसते माकडासारखे हसतो, मधे माझी लेक लीना दुभाषी. मला नातीशी थेट बोलायचंय, बस.

८ जून, रवि.
दुपारी कॉल. मिला नेहमीचंच वाक्य बोलली, बोट माझ्याकडे. लीना म्हणे, "काही नाही बाबा, पाळणाघरातलं गाणं आहे."
गाणं असेल तर चाल नको?

११ जून, बुध.
मॅडमनी उभं केलं. शाळेतली छडी आठवली, जीभ टाळ्याला चिकटली. पोरी हसल्या नाहीत, हे बरं. 'वेअर इस्ट' म्हणजे 'कोण आहे'. घरी स्वयंपाकघरात मोठ्याने घोकलं. माझी बायको शकू असती तर वेड्यातच काढलं असतं, म्हणाली असती, "येरं लागलंय काय तुमाला?" मिला जन्मायच्या आधीच गेली बिचारी.

१५ जून, रवि.
आयला! मिलाचं वाक्य 'वेअर इस्ट'नेच सुरू होतं. गाणं कसलं, प्रश्न आहे! मी छातीवर हात ठेवून म्हटलं, "ओपा!" म्हणजे आजोबा. ती जोरात मान हलवते, नाही नाही. लीनाने घाईने फोन ओढला. "बाबा, गोळ्या घेतल्या ना?"

१९ जून, गुरु.
'फ्राउ' म्हणजे बाई. तोही शब्द आहे त्यात. पंखा फुल, तरी घाम.

२४ जून, मंगळ.
उरलेले दोन शब्द मॅडमना विचारले. 'हिंटर दीअर'. तुझ्या मागे.
तुझ्या मागे ती बाई कोण आहे?
कॉल मी स्वयंपाकघरातूनच करतो, तिथं नेटवर्क येतं. मागे फ्रीज आणि भिंत. शकूचा फोटो बाहेरच्या खोलीत.
लीनाला फोन. "तुला ठाऊक होतं?" म्हणे, "तुम्ही घाबराल म्हणून... क्लास सोडा ना बाबा, प्लीज."
नाही सोडणार.

२७ जून, शुक्र.
मोरा गावाहून यमुताई, माझी मोठी बहीण, आली. तिला सांगितलं, तर चहा तसाच ठेवून बसली. शकू गेली तेव्हा आपल्या चालीप्रमाणे तिने जीव सोडला त्या जागेवर पीठ पसरलं होतं, दिवा लावून वर टोपली. सकाळी पिठात पाऊल बघतात, जीव कुठल्या रूपात गेला ते. ताईनेच टोपली उचलली होती. सगळ्यांना सांगितलं, पाखराचं पाऊल. आज म्हणते, "पीठ कोरा होता रं. मी खोटा बोलले. ती गेलीच नाय."

२९ जून, रवि.
मीच विचारलं, मोडकंतोडकं, बाई कशी आहे? मिला हरखली, आजोबा बोलायला लागला! भराभर काय काय सांगत सुटली. दोनच शब्द हाती लागले. 'वाइसं फ्यूसं'.
रंग झालेत, अवयव झालेत. पांढरे पाय. पिठात पाऊल नाही, पीठ मात्र पायाला!

३ जुलै, गुरु.
भीती वाटत नाही. खोटं कशाला, रडू येतं. नातवंडाचं केवढं वेड होतं तिला! फ्रीजसमोर उभं राहून म्हटलं, "जा, पोरीला एकदा जवलशी बघून ये."

६ जुलै, रवि.
आज मिलाने विचारलंच नाही. मग मी विचारलं, "वो इस्ट झी?" ती कुठाय?
मिलाने माझ्या मागे पाहिलं, मान हलवली. मग स्वतःच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून हसली. "झी इस्ट हिअर."
ती इथे आहे. 'हिअर' पहिल्याच धड्यात होतं.
लीनाचा चेहरा दिसला क्षणभर. कॉल कट.

९ जुलै, बुध.
लीना फोन उचलत नाही. स्वयंपाकघर नुसतं ओकंबोकं वाटतंय. चुकलं माझं, तिला जा म्हणायला नको होतं.
'परत ये'ला काय म्हणतात, मॅडमना विचारून पाठ केलं. घरी येताना डोक्यात आलं, शकूला कुठं जर्मन येतं? आपल्या बोलीत सांगायला हवं, आणि तेही तिकडे, मिलाच्या तोंडून.
रविवारी लीनाने फोन घेतला तर मिलाला एकच वाक्य शिकवायचं. "आजी, घरा चल."