दसऱ्याला सारवलेल्या भिंती

प्रिय वहिनी,

आज सकाळी जऊळक्याहून तुझा भाऊ आला होता. गावात डासांच्या औषधाचे फवारणीवाले आलेत, पण तुझी आई त्यांना घरात पाऊल टाकू देत नाही. त्या पावडरीनंच आपली लेक गेली, असं ती सगळ्यांना सांगते. तुझी धाकटी बहीण बाळंतपणाला तिथंच आलीय. हे ऐकलं आणि तुला लिहायला बसले.

गेल्या भादव्यात आपल्या किन्हीराजात ते पहिल्यांदा आले, तेव्हा भांडी अंगणात काढणारी पहिली तूच. तुला पाचवा महिना होता. त्यांच्यातल्या साहेबानं समजावलं होतं, की डास चावून झाला की भिंतीवर बसतो आणि तिथलं औषध लागून मरतो. म्हणून भिंती सारवू नका. दोघींनी ऐकलं होतं ना?

मग दसरा आला. भिंतींवर पांढरे ओघळ, त्यात पाहुणे येणार.

"शांते, अशा भितीवर सन करू काय? लोक काय म्हनतीन?" तू म्हणालीस.

मी अडवलं नाही. उलट खदानीतली माती टोपलीनं मीच आणली. दोन दिवसांत भिंती किती सुरेख केल्या आपण!

दिवाळी झाली आणि तुला हुडहुडी भरली. एक दिवसाआड थंडीताप. हिवतापावरच्या कोयनेलच्या दोनच गोळ्या घेतल्यास, बाकीच्या शेजारणीच्या पोरीला देऊन टाकल्यास. काहून गं? तुझं अंग काय लोखंडाचं होतं?

आठव्या दिवशी तू माणसं ओळखेनाशी झालीस. दादानं गाडी जुंपली. वाशीमच्या दवाखान्यात पोचेपर्यंत तू गेलीस, पोटातलंही गेलं.

डॉक्टरांनी विचारलं, घरात फवारणी झाली होती का? दादा हो म्हणाला. मी त्याच्या मागं उभी होते. सारवल्याचं बोलले नाही. वर्ष होत आलं, अजून कुणाजवळ बोलले नाही. तुझी आई औषधाला बोल लावते आणि मी ऐकून घेते.

उद्या पहाटे जऊळक्याला निघते. औषधानं तू गेली नाहीस, आम्ही ते मातीखाली झाकलं, हे तुझ्या आईच्या तोंडावर सांगेन. तिनं हात धरून बाहेर काढलं तरी ओट्यावर बसून राहीन. पण तुझ्या बहिणीच्या खोलीत फवारणी झाल्याशिवाय परत येणार नाही, वहिनी.

तुझी नणंद,
शांता