तीन पात्यांचा ठसा

अप्पा, आज रविवार म्हणून मी घरी आहे, आणि संध्याकाळच्या गाडीनं रोह्याचे शेठ आपल्याकडे यायचे आहेत. त्यांना तुमचा चांदीवर मारायचा ठसा हवा आहे. दुर्वेची तीन पाती कोरलेला, करंगळीएवढा, पोलादी. आईनं त्यांना जवळजवळ हो म्हटलं आहे. मी काहीच बोललेले नाही, म्हणून माझंही हो धरून दोघं मोकळे झाले आहेत. तुम्ही बसायचात त्या खिडकीखाली, तुमच्याच ऐरणीसमोर मी कागद घेऊन बसले आहे. आई बाजारात गेली आहे. ठसा माझ्या पुढ्यात आहे आणि दर दोन ओळींनी मी त्याच्याकडे बघते आहे.

शेठ तुम्हाला आठवतच असतील. तुमचं अर्धंअधिक काम त्यांच्याच दुकानात जायचं, निरांजनं, ताम्हणं, गौरीचे मुखवटे, गणपतीचे मुकुट. माणूस वाईट नाही. मी आता रोह्याला कंपनीच्या ऑफिसात लागले आहे, रोज गाडीनं जाते-येते, तर स्टेशनच्या रस्त्यावर भेटले की आवर्जून चौकशी करतात. मागच्या महिन्यात असेच थांबले आणि म्हणाले, बायका अजून दुकानात येऊन वस्तू उलटी करून बघतात, बुडाला दुर्वा नसली की खाली ठेवतात. त्यांचा माल आता बाहेरून येतो, मशीनवर दाबलेला. चांदी चोख असते, त्यात फसवाफसवी नाही. फक्त त्यावर तुमचा ठसा पडला तर गिऱ्हाईक विचारत बसणार नाही, आणि तुमचं नावही राहील. घरी येऊन मी हे आईला सांगितलं. ती आत गेली आणि वालाच्या डब्यात हात घालून तळातून ठसा काढून घेऊन आली.

ठसा तिनंच लपवला होता, हे मला तेव्हा कळलं. तुमच्या तेराव्याला मी सगळं घर धुंडाळलं होतं. तुमच्या गुरूंचा ठसा त्यांच्या तेराव्याला तुम्हीच ऐरणीवर ठेचलात हे तुम्ही मला किती वेळा सांगितलं होतं. कारागीर गेला की ठसा मोडायचा, तो दुसऱ्याच्या हाती जाऊ द्यायचा नाही, ही तुमच्या गुरूंच्या घरची रीत. त्या दिवशी आई म्हणाली, सापडत नाय, कुठं पडला असेल. आणि मी विश्वास ठेवला. आता तिला विचारलं तर म्हणाली, "माणूस गेला, त्याचं नावपण मीच ठेचू काय?"

गेले काही दिवस मला तो मुकुट सारखा आठवतो आहे. मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. कोलाडजवळच्या एका शेतकरी घरानं शेठकडे मुकुट सांगितला होता आणि मूर्ती हमरापूरला करायला दिली होती. तुम्ही नेहमीसारखे सायकलवर हमरापूरला गेलात, ओल्या मूर्तीच्या डोक्याभोवती पत्र्याची पट्टी गुंडाळून खूण केलीत आणि खुणेच्या आत भाताच्या दाण्याएवढी जागा सोडलीत. शाडू सुकला की आकसतो, ओल्या मापाचा मुकुट चतुर्थीला नाकावर उतरतो, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? मुकुट झाला, ठसा मारला. मग त्या घरातले आजोबा, त्यांचा मुलगा आणि शेठ टेम्पोत मूर्ती घेऊन आपल्या दारात उभे. तुम्ही मुकुट चढवायला गेलात आणि तो बसेना. मागून आणलेल्या टोपीसारखा वरच राहिला. मग मुलानं सांगितलं, पहिली मूर्ती सुकताना तडकली, तेव्हा मूर्तिकारानं त्याच साच्यातून दुसरी काढून दिली, प्लास्टरची. प्लास्टर आकसत नाही. कुणी तुम्हाला कळवायचं ते राहूनच गेलं होतं.

शेठ लगेच म्हणाले, मागून कापा, मध्ये पट्टी घाला, डाख लावून जोडून टाका, मागं कोण बघतंय. आजोबांनीही मान हलवली, त्यांना घरी जायचं होतं, चतुर्थी तोंडावर होती. तुमची तर यात काही चूक नव्हती, तेही सगळे म्हणत होते. तुम्ही कानस घेतलीत आणि मुकुटाच्या आतल्या कडेवरचा तुमचाच ठसा सर्वांसमोर घासून काढलात. त्या कानशीचा आवाज अजून माझ्या दातांत आहे. "परवा पूजा हाय अप्पा," शेठ म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता. "उद्या नेवा," तुम्ही म्हणालात, आणि आत आलात.

दुसरा सबंध दिवस घरात कुणी धड जेवलं नाही. तुम्ही मुकुट मोडून मुशीत घातला. आई स्वयंपाकघरातून कुरकुरत होती की भाकरीला चांदी उजळायच्या ॲसिडचा वास येतो, पण तिची कुरकूर भीतीची होती. तुमचा हात तेव्हा थरथरायला लागला होता ना. फुंकणी मी धरली होती. चांदी तेवढीच आणि मुकुट मोठा, म्हणून पत्रा पातळ होत गेला तसा तुमचा श्वास मोठा होत गेला, आणि मला वाटत होतं, हा आता फाटणार. तो फाटला नाही. दुपार कलताना शेठ मूर्ती घेऊन आले, मुकुट बसला, ते टेम्पोत जाऊन बसले. मी रागावून विचारलं होतं, इतका जिवाला त्रास कशासाठी, तुमची चूकही नसताना? तुम्ही हात धूत होतात. म्हणालात, "ठसा हाय म्हंजे त्या वस्तूपाशी मी बसलोय गो. उद्या कोणी ती उलटी केली, तर मला उठून जाता येत नाय."

त्याच वर्षी मला कॉलेजच्या लायब्ररीत ते इंग्रजी पुस्तक मिळालं होतं, अमेरिकेतल्या जुन्या चांदी कारागिरांच्या ठशांचं. मी डिक्शनरी घेऊन ते वाचलं आणि घरी आणून तुम्हाला दाखवलं. तिकडे सुरुवातीला विलायतेसारखं चांदी तपासून शिक्का देणारं सरकारी ठिकाणच नव्हतं. कारागिराचं नाव हीच हमी. लोक नाणी वितळवायला आणून द्यायचे आणि तो त्यांचे चमचे, पेले करून आपलं नाव मारायचा. तुम्ही ऐकून हसलात. म्हणालात, मग आपल्यासारखंच की, आपल्या इथं तरी कोण तपासतं. मग भिंग लावून तुम्ही पानंच्या पानं बघत बसलात. एका ठशावर बोट ठेवून म्हणालात, "ह्यो घाईत मारलाय. जेवायला बोलावलं असेल." मी किती हसले होते. दोनशे वर्षांपूर्वीचा, सातासमुद्रापलीकडचा माणूस, आणि तुम्ही त्याला गल्लीतल्यासारखं ओळखलंत. त्या दिवशी मी मनात ठरवलं होतं की तुमचंही नाव असंच राहिलं पाहिजे. म्हणून तर शेठ म्हणाले ते मला इतकं लागलं. नाव राहील, असं मला आजवर दुसऱ्या कुणी म्हटलेलं नाही.

पण त्याच पुस्तकात पुढं एक गोष्ट होती, ती मी तुम्हाला वाचून दाखवली नव्हती. नंतरच्या काळात कारखाने आले, आणि पुष्कळ वस्तूंवर करणाऱ्याऐवजी दुकानदाराचंच नाव पडायला लागलं. तेव्हा मला ते वाईट वाटलं होतं. आता वाटतं, निदान तो दुकानदार स्वतःचं नाव तरी मारत होता.

आई मघाशीच बाजारातून परतली. फाटक वाजलं. शेठ आले.

अप्पा, आता दिवे लागले आहेत. पुढचं लिहिते.

शेठनी पिशवीतून निरांजन काढून आईच्या हातात दिलं. "बघा वहिनी, चोख हाय. अप्पांची होती तशीच." आईनं ते माझ्याकडे दिलं. मी उलटसुलट करून बघितलं, आणि मला त्यात खोट सापडली नाही. कडा सारख्या, वजन नेमकं. माल वाईट असता तर किती सोपं गेलं असतं. मी म्हटलं, "शेठ, माल इतका चांगला आहे, तर तुमचा स्वतःचा ठसा करून घ्या. तुमचं नाव मारा."

ते आधी हसले. मग त्यांच्या लक्षात आलं की मी चेष्टा करत नाही. "माझं नाव बघून कोण घेणार गो? मला लोक भाव विचारतात. काम कसं हाय ते अप्पांना विचारायचे." हे ते इतकं सरळ बोलले की मला त्यांची दया आली. तरी मी बोलत राहिले, तुम्हाला माझी सवय माहीत आहे. म्हटलं, विचारतील, सुरुवात तर करा, अमेरिकेत दुकानदारांनी केलीच होती. तेव्हा मात्र ते चिडले. "अमेरिका ऱ्हाऊ दे तिकडं. वहिनी, ऐकताय ना? पोरगी शिकली ती बापाचं नाव बुडवायला."

आईनं माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता ती ठसा उचलून त्यांच्या हातात देईल. तो आमच्या तिघांच्या मध्ये ऐरणीवर पडलेला होता, कुणाचाही हात पोचला असता. मी म्हटलं, "शेठ, ह्या निरांजनापाशी अप्पा बसलेले नाहीत." एवढंच. त्यांना काय कळलं कोण जाणे. आईला कळलं, कारण तुम्ही ते म्हणालात तेव्हा ती तिथंच पाणी ओतत होती. ती शेठना म्हणाली, "चहा घ्या, थंड होतोय." आणि मग, खाली बघत, "ठसा नाय द्यायचा." शेठनी अर्धा कप तसाच ठेवला, निरांजन पिशवीत टाकलं आणि गेले. उद्या स्टेशनच्या रस्त्यावर ते थांबणार नाहीत.

ते गेल्यावर आई म्हणाली, "झालं तुझं समाधान?" समाधान कसलं. ठसा घरात आहे तोवर कुणी ना कुणी मागायला येणार, आणि दर वेळी आमच्यात असं बळ असेलच असं नाही, हे दोघींनाही कळत होतं. ते तोंडानं तिनंच म्हटलं, आता मोडूनच टाकू या. पोलाद तसंच ठेचलं तर कपची उडते, म्हणून तुम्ही शिकवल्याप्रमाणे मी फुंकणीनं ठसा लाल केला आणि सावकाश निवायला राखेत पुरला. आम्ही दोघी राखेच्या दोन बाजूंना बसून राहिलो. अजून वेळ होता. तो तसाच बाहेर काढून पुन्हा पाणी देऊन कडक करता आला असता, पूर्वीसारखा झाला असता. बाहेर कुणीतरी म्हशीला हाका मारत होतं. आई एकदाच बोलली, तुमचं जेवण नेहमी असंच निवत पडायचं म्हणून.

राख निवली. मी हातोडा उचलला, तर तिनं तो माझ्या हातातून घेतला. "तू नको. लपवला मी होता." ती तुमच्या पाटावर बसली. तिला कधी बघितलं नव्हतं मी तिथं. पहिला घाव घसरून ऐरणीवर गेला. दुसऱ्याला मधलं पातं चेपलं. मग ती थांबलीच नाही. शेवटी मी तिचं मनगट धरलं, तेव्हा तिथं पोलादाचा एक गुळगुळीत तुकडा होता, त्यावर कशाचीही खूण नव्हती.

आता ती आत भाकऱ्या थापते आहे आणि मी लिहिते आहे. हे कागद कुठं पाठवायचे नाहीत, म्हणून तुम्हाला सांगता येतं. शेजारी उद्या म्हणतील, पोरगी ठाम राहिली. पण राख निवेपर्यंत, अप्पा, मी वाट बघत होते, आई आत्ता म्हणेल, राहू दे गो.